प्रजननक्षम वयातील स्त्रिया आणि धूम्रपान : अमेरिकेतील सहकारी प्रयत्नांचा इतिहास

एखादे शास्त्रीय सत्य पुढे येणे आणि त्याला अनुसरून समाजाचा व्यवहार बदलणे या दोन घटनांमध्ये दीर्घ काळ लोटतो, ही गोष्ट आरोग्याच्या इतिहासाच्या अभ्यासकास नवी नाही. गर्भावस्थेतील धूम्रपानाच्या बाबतीत अमेरिकेत हा काळ जवळजवळ तीन दशकांचा होता. तो इतका का लांबला आणि पुढील प्रयत्नांना बळ कशाने आले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१९५७ साली सिम्प्सन यांनी कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनो परगण्यातील सुमारे साडेसात हजार प्रसूतींची पाहणी प्रसिद्ध केली. सिगारेट ओढणाऱ्या मातांमध्ये अपुऱ्या दिवसांची वा अपुऱ्या वजनाची मुले जन्मण्याचे प्रमाण इतरांच्या जवळजवळ दुप्पट असल्याचे तीत आढळले. १९६४ च्या सर्जन जनरलच्या अहवालाने वजनातील घट मान्य केली. परंतु तिचा बालकाच्या जीवनशक्तीवर काही परिणाम होतो की नाही, हा प्रश्न अनिर्णित ठेवला. याच सुमारास येरुशाल्मी या संख्याशास्त्रज्ञांनी, धूम्रपान करणाऱ्या मातांची कमी वजनाची मुले तितक्याच वजनाच्या इतर मुलांपेक्षा अधिक जगतात, असे दाखवून कार्यकारणसंबंधच संशयास्पद ठरविला.

या वादात ब्रिटनमधील पुराव्याने मोठी भर घातली. मार्च १९५८ मधील एका आठवड्यात तेथे झालेल्या सुमारे १७,००० जन्मांच्या माहितीवरून बटलर, गोल्डस्टीन व रॉस यांनी १९७२ मध्ये असे दाखविले की, मातेच्या धूम्रपानामुळे बालकाचे वजन सरासरी १७० ग्रॅमने घटते आणि गर्भावस्थेच्या उत्तरार्धातील व नवजात अवस्थेतील मृत्यू २८ टक्क्यांनी वाढतात. त्याहून महत्त्वाचा निष्कर्ष असा की, चौथ्या महिन्याच्या अखेरीपर्यंत सवय सोडणाऱ्या मातेचा धोका धूम्रपान न करणाऱ्या मातेइतकाच राहतो. प्रतिबंधाला वाव आहे, हे यावरून उघड झाले. तरीही गर्भवतींना उद्देशून स्पष्ट इशारा अमेरिकेतील सिगारेटच्या पाकिटांवर येण्यास १९८५ साल उजाडले. मधल्या काळात, १९६८ मध्ये, खास स्त्रियांसाठी ‘व्हर्जिनिया स्लिम्स’ ही सिगारेट बाजारात आली आणि स्त्रीमुक्तीची भाषाच तिच्या जाहिरातीची भाषा झाली.

या विलंबाचे कारण केवळ अज्ञान नव्हे. ज्ञान संशोधकाजवळ होते, स्त्रीशी प्रत्यक्ष संबंध डॉक्टर व परिचारिका यांचा होता आणि नोंदी शासनाजवळ होत्या. या तिघांची सांगड घातली गेली ती १९८५ नंतर. त्या वर्षी विंडसर व त्यांच्या सहकाऱ्यांनी अलाबामातील बर्मिंगहॅम येथील सार्वजनिक प्रसूतिपूर्व चिकित्सालयांत प्रयोग करून दाखविला : नेहमीच्याच सल्ल्यावर २ टक्के स्त्रियांनी सिगारेट सोडली, तर गर्भवतींसाठी खास लिहिलेल्या पुस्तिकेच्या साहाय्याने १४ टक्के स्त्रियांनी. १९८९ पासून जन्मदाखल्यात मातेच्या धूम्रपानाची नोंद होऊ लागली. १९९४ मध्ये रॉबर्ट वुड जॉन्सन फाउंडेशनने या कार्यास द्रव्यसाहाय्य सुरू केले आणि २००२ मध्ये व्यावसायिक, शासकीय व सेवाभावी संस्थांची राष्ट्रीय आघाडी उभी राहिली. गर्भावस्थेत धूम्रपान करणाऱ्या मातांचे नोंदलेले प्रमाण १९८९ मध्ये १९.५ टक्के होते; २०१६ मध्ये ते ७.२ टक्के झाले. नोंदीची पद्धत मध्यंतरी बदलली असल्याने ही तुलना जपून करावी लागते. शिवाय वाढलेले कर व बदललेली लोकरूढी यांचाही त्या घटीत वाटा आहे.

परंतु या यशाची मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. बाळासाठी सिगारेट सोडणाऱ्या अनेक स्त्रिया प्रसूतीनंतर पुन्हा तिच्याकडे वळल्या. ज्या प्रचाराने स्त्रीकडे केवळ गर्भाची वाहक म्हणून पाहिले, त्याला बाळंतपणानंतर तिला सांगण्यासारखे काही उरले नाही. शिवाय गर्भधारणा झाल्याचे अनेकींना उशिराच कळते. म्हणूनच कार्यकर्त्यांची दृष्टी ‘गर्भवती’कडून ‘प्रजननक्षम वयातील स्त्री’कडे वळली. हा विस्तार आवश्यक होता. पण स्त्रीचे आरोग्य हे स्वतःच एक साध्य आहे, ही जाणीव या संज्ञेतही पुरती उतरलेली नाही.

महाराष्ट्राच्या दृष्टीने आणखी एक मुद्दा आहे. मुंबईतील १,२१७ गर्भवतींच्या २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गुप्ता व श्रीविद्या यांना असे आढळले की, मिश्रीसारख्या धूरविरहित तंबाखूच्या सेवनानेही बालकाचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने घटते. दात घासण्याच्या निमित्ताने घरात शिरलेली मिश्री ‘धूम्रपान’ या शब्दाच्या कक्षेत येत नाही. तेव्हा अमेरिकेतील अनुभवावरून प्रचाराचे साहित्य नव्हे, तर संशोधन, सेवा आणि नोंद यांची सांगड घालण्याची रीत तेवढी घेण्याजोगी आहे.