दोन नांदिवल्या

तलाठ्याच्या दप्तरात नांदिवली कधीच नुसती नसते. एक नांदिवली पंचानंद, डोंबिवली पूर्वेला मानपाडा रस्त्याच्या बाजूची. दुसरी नांदिवली तर्फे अंबरनाथ, कल्याण पूर्वेच्या पलीकडे, द्वारली-आडिवलीकडची. तर्फ म्हणजे जुन्या महसुली कारभारातला गावांचा गट. त्यावरून एकाच नावाची गावं वेगळी ओळखता येत. नोकरीभर मी ही शेपटी न चुकता लिहिली; ती सुटली तर फेरफार भलत्याच गावात जायचा.

पुढे शेतांच्या सोसायट्या झाल्या. दोन्ही गावं त्या गाजलेल्या 27 गावांतली: 1983 ला कल्याण-डोंबिवली महापालिकेत, 2002 ला बाहेर, 2015 ला पुन्हा आत. मौजे, सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर हे सगळं करारनाम्यात राहिलं. पाटीवर उरलं 'साईकृपा, नांदिवली'. आणि साईकृपा काय, दर गल्लीत एक!

आता डिलिव्हरीवाली पोरं फोन करतात, "काका, मी मलंग रोडला उभा आहे, लोकेशन इथंच दाखवतंय." म्हणजे दुसऱ्याच नांदिवलीत! सून जीपीएसला शिव्या घालते. माझ्या मते उपग्रहाचा यात काडीचाही दोष नाही. पोरगा कुठे उभा आहे, हे फोनला काही मीटरच्या फरकानं बरोबर कळतं. घोळ होतो तो आपल्या लिहिलेल्या पत्त्याचा नकाशावर ठिपका करताना. जिथे रस्त्यावर घरांना ओळीनं नंबर असतात, तिथे 10 आणि 20 ठाऊक असले की 14 चा अंदाज बांधता येतो. आपल्याकडचे हिस्से भावाभावांच्या वाटणीतून पडलेले. त्यावरून कसला अंदाज बांधणार? मग नकाशा नुसतं नाव जुळवतो, आणि जी नांदिवली आधी सापडेल ती आपली.

पिनकोडही इथे फारसा उपयोगी नाही. श्रीराम भिकाजी वेलणकरांच्या कल्पनेतून 15 ऑगस्ट 1972 ला आलेले ते सहा आकडे पोस्ट ऑफिसपर्यंत नेतात, दारापर्यंत नाही. डोंबिवलीत 421201 पूर्व आणि 421202 पश्चिम, एवढं मात्र ते चोख सांगतात, आणि रुळांमुळे दुभागलेल्या गावात तेही थोडं नाही. टपाल खात्यानं 2025 मध्ये आणलेला डिजिपिन साधारण 4 बाय 4 मीटरचा चौकोन दाखवतो. पण तळमजला आणि सातवा मजला त्याला सारखेच.

तेव्हा कपाटातला करारनामा काढा, त्यातलं गावाचं पूर्ण नाव पत्त्यात लिहा, आणि नकाशावरचा ठिपका बोटानं सरकवून आपल्या गेटवर आणून ठेवा.