बॉम्बे ब्लड ग्रुप आणि संदर्भांचा हिशोब

आमच्या गव्हाणपासून खारघरची कर्करोग संशोधन संस्था, ॲक्ट्रेक, फार लांब नाही. तालुका एकच, पनवेल. अशा ठिकाणच्या संशोधकाचं वजन हल्ली कशावर ठरतं? पेपर किती, त्यांचे दाखले इतरांनी किती दिले, आणि २००५ साली हिर्श साहेबांनी काढलेला एच-इंडेक्स. हा हिशोब ऐकला की मला डॉ. भेंडे आठवतात.

१९५२ साली वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया या मुंबईच्या तिघांनी इंग्लंडमधल्या चौघांसोबत 'लॅन्सेट'मध्ये एक छोटासा पेपर छापला. नेहमीच्या तपासणीत 'ओ' दिसणारं, पण ओ गटाचंही रक्त न चालणारं असं रक्त त्यांना सापडलं होतं! ए आणि बी ज्याच्यावर रचले जातात, तो 'एच' हा पायाच या तांबड्या पेशींवर नसतो. उलट रक्तद्रवात एचविरुद्ध प्रतिपिंडं असतात. चुकून साधं ओ चढवलं तर माणूस दगावू शकतो. पुढे १९९०च्या दशकात रेणवीय जीवशास्त्राने कारण शोधलं: एफयूटी१ या जनुकातला बिघाड.

आता गंमत बघा. एका पेपरला हजार दाखले मिळाले तरी एच-इंडेक्समध्ये त्याची भर फार तर १ ची. शिवाय शोध पाठ्यपुस्तकात गेला की मूळ पेपरचा दाखला देतो कोण? नुसतं 'बॉम्बे' म्हटलं की भागतं. नाव भेंड्यांचं नाही, शहराचं लागलं. शहर १९९५ मध्ये मुंबई झालं, रक्तगट मात्र अजून बॉम्बेच.