नकोशीं नांवें

मुलांचीं नांवें सुचविणारीं लहान लहान पुस्तकें बाजारांत पुष्कळ मिळतात. डावीकडे नांव आणि उजवीकडे अर्थ, अशी त्यांची मांडणी असते. बारशाचा दिवस जवळ आला म्हणजे असें एखादें पुस्तक घरांत या हातांतून त्या हातांत फिरूं लागतें. आत्याबाई बाळाच्या कानांत 'कुर्र' करावयास सिद्ध असतात, घुगऱ्या शिजत असतात, आणि आईबाप मात्र अजून अर्थच चाळीत बसलेले असतात. प्रस्तुत लेखकानें आपल्या घरच्या एका बारशाच्या निमित्तानें असें एक पुस्तक आरंभापासून अखेरपर्यंत वाचून काढलें. त्यांत विजय होता, प्रकाश होता, कमळाचीं तर कित्येक नांवें होतीं. परंतु धोंडू नव्हता, कचरू नव्हता, भिकाजी नव्हता. ज्या नांवांनीं महाराष्ट्रांतील असंख्य माणसें पिढ्यान् पिढ्या वावरलीं, तीं नांवें त्या पुस्तकाच्या कर्त्यानें गाळून टाकलीं होतीं. धोंडू म्हणजे दगड. आपल्या पोटच्या मुलास बुद्ध्या दगड कोण म्हणेल, असें त्याला वाटलें असावें.

अर्थ ही एकच कसोटी धरली म्हणजे असा घोटाळा होतो. नांवाचा अर्थ कोशांत सांपडतो. परंतु तें नांव कोणाला ऐकविण्यासाठीं ठेवलें होतें, हें कोश सांगत नाहीं. नांव मुलाचें असलें तरी तें मुलालाच उद्देशून असतें असें नाहीं. कित्येक नांवें हीं दुसऱ्याच कोणाला धाडलेलीं पत्रें असतात. मूल हें त्या पत्राचा केवळ जासूद.

आपल्या शास्त्रकारांनीं ज्या नांवांचा विचार केला तीं बहुशः मुलास दिलेले आशीर्वाद होत. पतंजलीनें महाभाष्याच्या आरंभींच, व्याकरण कां शिकावें याचीं कारणें सांगतांना, मुलाचें नांव किती अक्षरांचें असावें आणि त्याचा आरंभ कोणत्या जातीच्या वर्णानें व्हावा याचा नियम दिला आहे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायांत ब्राह्मणाचें नांव मंगलवाचक, क्षत्रियाचें बलवाचक, वैश्याचें धनवाचक असावें असें सांगून शूद्राचें मात्र जुगुप्सित, म्हणजे निंदाव्यंजक असावें अशी आज्ञा केलेली आहे. मुलींविषयीं तेथेंच म्हटलें आहे कीं, त्यांचें नांव सुखानें उच्चारतां येणारें, स्पष्ट अर्थाचें, मनोहर व आशीर्वादयुक्त असावें. पुढें तिसऱ्या अध्यायांत नक्षत्र, वृक्ष किंवा नदी यांचें नांव असलेल्या मुलीशीं लग्न करूं नये असाही निषेध आहे. तो कोणी मनावर घेतल्याचें दिसत नाहीं. तसें असतें तर महाराष्ट्रांतील निम्म्या गंगा, यमुना, गोदावरी आणि रोहिणी अविवाहितच राहिल्या असत्या. आणि जें जुगुप्सित नांव शूद्राच्या माथीं मारण्याची आज्ञा होती, तें ब्राह्मणांच्या घरांतूनही आपखुषीनें ठेवलें जात होतें, ही त्याहून मौजेची गोष्ट. धोंडो, भिकाजी हीं नांवें कोंकणस्थांच्या कोणत्याही कुलवृत्तांतांत हवीं तितकीं मिळतील. (धोंडा महिना, म्हणजे अधिक मास, यांत जन्मलेल्यासही धोंडो म्हणत, हें येथें ध्यानांत ठेवलें पाहिजे. दगड कोणता आणि महिना कोणता, हें नुसत्या नांवावरून ठरत नाहीं.)

असें नांव आईबाप कां ठेवीत? ज्या बाईचीं मुलें जगत नसत तिच्या नव्या मुलाला जन्मल्यावर केरांत किंवा उकिरड्यावर लोळवीत, आणि त्याला उकिरडा, केरू, कचरू म्हणत. कोणी चार घरीं भीक मागून मूल भिकेवर वाढविल्याचा देखावा करीत, तो भिकू. त्या भिकेच्या पैशांतून जी बाळी मुलाच्या कानाच्या वरच्या पाळींत घालीत ती भिकबाळी. पुढें ती मोत्यांची होऊन मिरविण्याचा दागिना झाली, हा भाग निराळा. कोणी मुलाचें नाक टोंचून त्यांत नथ घालीत, तो नथू. हीं सर्व पत्रें मृत्यूला धाडलेलीं होतीं. मजकूर एकच: हें पोर आम्हांला नकोसेंच आहे, तूं कशाला त्याच्या वाटेला जातोस? ज्या मुलासाठीं आईचा जीव सर्वांत अधिक तुटे त्यालाच सर्वांत वाईट नांव मिळे.

ही युक्ति आपल्या एकट्याची नव्हे. बंगाल्यांत असें मूल सुइणीला किंवा शेजारणीला विषम संख्येच्या कवड्यांना विकीत. मग तें आपलें राहिलेंच नाहीं, परक्याचें झालें. तीनकडी, पांचकडी, सातकडी हीं बंगाली नांवें म्हणजे त्या सौद्याची किंमत होय. चीनच्या खेड्यांतून मुलास 'गोउशेंग' म्हणत. कुत्र्यानें खाऊन उरलेलें, असा त्याचा अर्थ. रोमन अमलाखालील इजिप्तमध्यें पपायरसवर लिहिलेले जे दस्तऐवज सांपडले आहेत त्यांत कोप्रेउस, कोप्रिया अशीं नांवें वारंवार येतात. ग्रीक भाषेंत 'कोप्रोस' म्हणजे शेण, उकिरडा. त्या देशांत नकोसें झालेलें मूल उकिरड्यावर टाकून देत, आणि ज्याला हवें तो तें उचलून गुलाम म्हणून वाढवी. तेव्हां हीं नांवें प्रथम अशा उचललेल्या मुलांचीं असावींत असा विद्वानांचा तर्क होता. परंतु तीं स्वतंत्र आणि बऱ्या स्थितींतील कुटुंबांतही आढळतात, म्हणून दृष्ट चुकविण्यासाठीं तीं बुद्ध्या ठेवलीं जात, असें दुसऱ्या पक्षाचें म्हणणें आहे. आमच्या केरूला ओळखणाऱ्या कोणाही मराठी वाचकाला हा दुसरा पक्ष समजण्यास प्रयास पडूं नयेत.

परंतु या सर्वांत हृदयाला चटका लावणारें उदाहरण जपानांतील आहे, आणि तें एका राजकर्त्याच्या घरचें आहे. तोयोतोमी हिदेयोशी हा सामान्य कुळांत जन्मून स्वपराक्रमानें साऱ्या जपानचा सूत्रधार झालेला पुरुष. त्याला पुत्रसंतान नव्हतें. उतारवयांत, इ. स. १५८९ मध्यें, त्याला मुलगा झाला. टाकून दिलेलें मूल जगतें अशी तिकडे समजूत असे; म्हणून या सर्वसत्ताधीशानें आपल्या लाडक्या वारसाचें पाळण्यांतलें नांव 'सुते' म्हणजे 'टाकलेला' असें ठेविलें. मृत्यु त्या नांवानें फसला नाहीं. १५९१ मध्यें तें मूल गेलें. दोन वर्षांनीं, १५९३ मध्यें, पुन्हां मुलगा झाला. या वेळीं त्याचें नांव ठेविलें 'हिरोई', म्हणजे 'उचललेला'. जणूं तो आपला नव्हेच, वाटेवर सांपडला! हा हिरोई म्हणजे पुढें इतिहासांत प्रसिद्ध झालेला हिदेयोरी. तो जगला, वाढला, आणि १६१५ मध्यें ओसाकाचा किल्ला पडला तेव्हां मेला. मुलाला उकिरड्यावर लोळविणारी आमची कुणबीण आणि हा हिदेयोशी यांच्यांत पाळण्यापाशीं कांहींच अंतर उरत नाहीं.

पश्चिम आफ्रिकेंतील योरुबा लोकांची तऱ्हा याहून थोडी निराळी. एकामागून एक मुलें जाऊं लागलीं म्हणजे तेंच एक मूल पुन्हां पुन्हां जन्मास येऊन परत जातें असें ते मानीत. म्हणून त्यांचें पत्र मृत्यूला नसून मुलालाच असे. 'मालोमो' म्हणजे पुन्हां जाऊं नकोस; 'कोकुमो' म्हणजे हा आतां पुन्हां मरणार नाहीं. येथें फसवणूक नाहीं, नुसती विनवणी आहे.

आतां आमच्या नथूकडे पुन्हां वळतों, कारण त्याच्या नाकांतल्या नथीनें एक गोष्ट नकळत सांगून टाकली आहे. मृत्यूला फसविण्यासाठीं मुलग्याला कशाकशाचें सोंग दिलें? केराचें दिलें, दगडाचें दिलें, भिकेचें दिलें. आणि मुलीचें दिलें. मुलगी म्हटली म्हणजे यमही ढुंकून पाहणार नाहीं, हा या सोंगाचा आधार. केर, दगड आणि मुलगी एका ओळींत बसलीं आणि कोणालाही त्यांत विचित्र कांहीं वाटलें नाहीं.

मग प्रत्यक्ष मुलीलाच जेव्हां असें नांव मिळतें तेव्हां तें कोणाला उद्देशून असतें? बंगाल्यांत मुलींवर मुली झाल्या म्हणजे शेवटचीला 'आन्नाकाली' म्हणत. 'आर ना, काली', म्हणजे कालीमाते, आतां आणखी नको. चीनमध्यें 'झाओदी' हें मुलीचें नांव असे. त्याचा अर्थ धाकट्या भावाला बोलावून आणणारी. तुर्कस्तानांत 'येतेर', म्हणजे पुरे. जपानांत 'तोमे' म्हणजे थांब, आणि 'सुए' म्हणजे शेवट. आणि आमच्या सातारा जिल्ह्यांत व आसपास 'नकुशी' किंवा 'नकुसा'. कचरू आणि नकुशी हीं नांवें कोशकाराला एकाच जातीचीं वाटतील. दोन्हींचा अर्थ 'टाकाऊ'. परंतु कचरू हें आईनें मृत्यूशीं बोललेलें खोटें आहे, आणि नकुशी हें घरानें बोललेलें खरें. कचरूला घरांत कोणी कचरा मानीत नाहीं. नकुशी घरांत नकोशीच असते. तिचें नांव तिला उद्देशून नाहीं, मृत्यूलाही नाहीं. तें अजून न जन्मलेल्या भावाला धाडलेलें निमंत्रण आहे. तो भाऊ आला तरी, न आला तरी, तें पत्र जन्मभर हिनेंच वागवावयाचें.

न्यायानें सांगावयाचें तर सगळीकडे मामला इतका सरळ नाहीं. जपानांत 'तोमेकिची' आणि 'सुएकिची' अशीं मुलग्यांचींही नांवें आहेत. दारिद्र्यांत खाणारीं तोंडें वाढलीं म्हणजे 'थांब' हें मुलग्यालाही म्हणावें लागतें. आपल्याकडेही धोंडी, दगडी, भिकी या मुली होत्याच, आणि त्यांच्यापैकीं कित्येकींच्या आयांनीं तीं नांवें जीव मुठींत धरूनच ठेविलीं असतील. परंतु 'नकुशा' असा मुलगा माझ्या तरी ऐकिवांत नाहीं.

नांवांत काय आहे, तें तर केवळ हांक मारण्याचें साधन, असें म्हणणारे नेहमींच भेटतात. त्यांच्या बाजूला एक जुनी पाली जातककथा आहे. तक्षशिलेच्या गुरुकुलांत पापक नांवाचा एक विद्यार्थी होता. आपल्या नांवाची लाज वाटून तो दुसरें चांगलें नांव शोधीत देश फिरला. वाटेंत जीवक नांवाच्या मनुष्याचें प्रेत जातांना त्यानें पाहिलें. धनपाली नांवाची दासी मजुरी आणली नाहीं म्हणून मार खातांना पाहिली. पंथक नांवाचा इसम रस्ता चुकलेला भेटला. तेव्हां आहे तेंच नांव बरें, असें म्हणून तो परतला. कथा गोड आहे. परंतु पापकाच्या नांवाचा त्याच्या गुरूनें वा सोबत्यांनीं शब्दशः अर्थ घेतल्याचें तींत कोठेंही नाहीं. नकुशीचें तसें नाहीं. शाळेंत हजेरी घेतांना तिचें नांव उच्चारलें म्हणजे वर्गांतील सर्वांना तिच्या घरचा इतिहास कळतो.

२२ ऑक्टोबर २०११ रोजीं सातारा येथें सरकारी पुढाकारानें या मुलींचा नामकरण-समारंभ झाला. २८५ मुलींनीं आपलें जुनें नांव टाकून नवें घेतलें आणि त्यांना नव्या नांवाचीं प्रमाणपत्रें देण्यांत आलीं. कोणीं देवतांचीं नांवें निवडलीं, कोणीं ऐश्वर्या अशीं चित्रपटांतील नट्यांचीं. या शेवटच्या निवडीवर त्या वेळीं कांहीं लोक हंसले असतील. मला ती फार समंजस वाटते. ज्या मुलीला आजवर कोणीं पाहूं इच्छिलें नाहीं तिनें, जिला पाहण्यासाठीं लोक पैसे देतात तिचें नांव घ्यावें, यांत हंसण्यासारखें काय आहे? त्याच वर्षीं जनगणनेचे प्राथमिक आंकडे प्रसिद्ध झाले होते. सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागें देशांत २००१ सालीं ९२७ मुली होत्या, त्या ९१४ वर आल्या होत्या. म्हणजे कित्येक घरीं नांव ठेवण्याची पाळीच येऊं दिली जात नव्हती. नकुशी निदान जन्माला तरी आली होती.

नकोशा मुलाचें नांव बदलण्याचा प्रसंग आपल्या वाङ्मयांत अगदीं प्राचीन काळीं एकदां येऊन गेला आहे. ऐतरेय ब्राह्मणांत अजीगर्त नांवाच्या भुकेकंगाल ऋषीची कथा आहे. त्याचे तीन मुलगे: शुनःपुच्छ, शुनःशेप आणि शुनोलांगूल. तिन्ही नांवांचा अर्थ एकच, कुत्र्याचें शेपूट. हीं नांवें त्यानें मृत्यूला चकविण्यासाठीं ठेविलीं होतीं कीं काय, हें ब्राह्मणकार सांगत नाहीं. मला तसा संशय येतो. हरिश्चंद्राच्या मुलाच्या बदलीं वरुणाला बळी देण्यास एक मुलगा हवा होता. थोरला देणार नाहीं, असें बाप म्हणाला. धाकटा देणार नाहीं, असें आई म्हणाली. मधला शुनःशेप शंभर गाईंना विकला गेला. त्याला यूपाला बांधण्यास कोणी मिळेना, तेव्हां बापानेंच आणखी शंभर गाई घेऊन त्याला बांधलें, आणि मारण्यासाठींही आणखी शंभर गाई घेऊन शस्त्र परजीत तो पुढें आला. मुलानें देवांची स्तुति केली आणि त्याचे पाश गळून पडले. मग तो विश्वामित्राच्या मांडीवर जाऊन बसला. अजीगर्त त्याला परत मागूं लागला, पण तो गेला नाहीं. विश्वामित्रानें त्याला पुत्र मानून देवरात, म्हणजे देवांनीं दिलेला, असें नांव ठेविलें व वडीलपणाचा मान दिला. विश्वामित्राच्या एकशें एक मुलांपैकीं थोरल्या पन्नासांना हें मान्य झालें नाहीं. त्यांना बापानें शाप दिला. बाकीच्यांनीं मात्र त्याला भाऊ म्हटलें.

त्या मुलाचीं दोन्ही नांवें आज शिल्लक आहेत. विश्वामित्रगणांतील कांहीं गोत्रांचे लोक संध्येच्या वेळीं प्रवर उच्चारतात त्यांत देवरात येतो. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलांतील त्याच्या सूक्तांपुढें अनुक्रमणीकारानें ऋषि म्हणून जें लिहिलें आहे त्यांतही देवरात आहे. परंतु त्याच्या आधीं, अजीगर्ताचा शुनःशेप असें लिहिलेलें आहे.