खाडींतील मानाची नौका

मलय देशांत राजांच्या मिरवणुकीसाठीं वेगळ्या नौका बांधीत. रिआऊकडील 'लांचांग कुनिंग', म्हणजे पिवळी नौका, ही त्यांत प्रसिद्ध. पिवळा हा तेथें राजवर्ण होय. 'लांचांग' याच नांवाची लहानशी प्रतिकृति करावी, तींत नैवेद्य ठेवावा आणि रोगराई व भूतबाधा तिजबरोबर पाण्यांत सोडून द्यावी, अशीही चाल मलय लोकांत होती. स्कीट याच्या १९०० सालच्या ग्रंथांत तिचें वर्णन आहे. आमच्या किनाऱ्यावर अशी मानाची नौका होती काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय.

बखरी पाहूं जातां उत्तर नकारार्थी येतें. सभासदानें गुराबा, तरांडीं, तारवें, गलबतें, शिबाडें, पगारा अशीं नांवें दिलीं आहेत; हीं सर्व लढाईचीं वा मालवाहतुकीचीं. यांतील 'गुराब' शब्द मूळचा अरबी, आणि तोच मलय भाषेंतही गेला आहे. नौका बांधणारे परस्परांस ओळखीत होते; मिरविण्याची कल्पना मात्र दोहोंकडे निराळी.

एकसरच्या वीरगळांवर उंच, टोकदार नाळेच्या वल्ह्यांच्या नौका कोरलेल्या आहेत. शिलाहार सोमेश्वर व यादव महादेव यांच्या १२६५ च्या सुमाराच्या आरमारी युद्धाशीं त्यांचा संबंध अनेक विद्वान् जोडतात. तेथेंही नौका दिसते ती रणांतलीच. वीर मात्र पुढें कैलासास पोंचतो, हें ध्यानांत ठेवावें.

कल्याण-भिवंडी १६५७ त शिवाजीमहाराजांच्या हातीं आली, आणि १६५९ च्या पोर्तुगीज पत्रव्यवहारांत कल्याण, भिवंडी व पनवेल येथें नौका बांधल्या जात असल्याचा उल्लेख येतो. कल्याणची नौका वसईच्या मुखाकडे निघाली कीं तिला कोलशेतवरून जावें लागे, आणि हा षष्टीचा कांठ १७३७ पर्यंत फिरंग्यांच्या ताब्यांत होता. पोर्तुगीजांस या बांधकामाची धास्ती कां वाटली, हें नकाशा पाहतांच कळतें. कोलशेत या नांवाचा कोळ्यांशीं संबंध जोडण्याचा मोह होतो. परंतु जुन्या कागदावांचून व्युत्पत्ति लढविणें बरें नव्हे.

तथापि मानाची नौका आमच्याकडे नाहींच, असें म्हणणें मला मान्य नाहीं. ती वेगळी बांधीत नाहींत, इतकेंच. ठाण्याच्या खाडीकांठीं श्रावणी पौर्णिमेस मासेमारीचीच होडी धुवून, रंगवून, पताकांनीं सजवितात. नाळेस हळदकुंकू वाहतात. आणि सोनेरी वेष्टनाचा नारळ पाण्यास अर्पण करून मग जाळें टाकतात. पावसाळ्यांत बंद ठेविलेला धंदा त्या दिवसापासून रीतसर सुरू होतो. मलय राजाची नौका वर्षभर मानाची. कोळ्याची एक दिवस मानाची आणि दुसऱ्या दिवशीं पुनः बोंबलाच्या वासाची. माझ्या मतें दुसरा प्रकार अधिक जुना असावा, कारण त्यास दरबार लागत नाहीं.

अडचण ही कीं, लढाऊ गलबताचा खर्च दप्तरांत सांपडतो, या होडीचा सांपडत नाहीं. कोलशेतचें रेतीबंदर रेतीच्या होड्यांवरून नांव पावलें. तेथें आतां गणेशविसर्जनाचा घाट आहे, आणि लाकडी होडी बांधणारे हात कमी होत चालले आहेत. आमचे संग्राहक मोडी रुमालांमागें जितके हिंडतात त्याच्या चौथाईनेंही या वस्त्यांत जात नाहींत. नाळ, पठाण, डोल, परबाण, सुकाणूं हे शब्द वृद्ध सुतारांच्या तोंडून, होडीपाशीं उभें राहून, उच्चारासह टिपून घ्यावे आणि आंग्र्यांच्या आरमाराच्या कागदांशीं ताडून पाहावे. कागद कपाटांत आणखी शंभर वर्षें राहतील.