शंभर मीटर : एका आकड्याचा इतिहास

एका श्वासावर समुद्रात किती खोल जाता येईल, या प्रश्नाचा इतिहास चाळताना एक गोष्ट आम्हांला पुनःपुन्हा जाणवली. या खेळातील उद्दिष्टे खेळाडूंनी ठरवली असे वरकरणी दिसते. आरंभीची उद्दिष्टे मात्र शास्त्राने आखलेल्या मर्यादारेषांवरच बेतलेली होती.

शास्त्राचे गणित साधे होते. दर दहा मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाने वाढतो. शंभर मीटरवर तो अकरा पट होतो आणि फुफ्फुसांतील सहा लिटर हवा जेमतेम अर्ध्या लिटरवर येते. छातीचा पिंजरा काही तेवढा आक्रसत नाही. तेव्हा ठरावीक खोलीनंतर बरगड्या मोडणार, हे अनुमान तर्काला धरूनच होते. तरीही १९४९ साली इटालियन वायुदलातील रायमोंडो बुकर काप्रीजवळ ३० मीटर खाली जाऊन जिवंत परतला. पुढे सिराक्यूजच्या एन्झो मायोर्काने ५० मीटरचीही रेषा ओलांडली. शरीर चिरडत का नाही, याचा उलगडा अमेरिकी नौदलातील रॉबर्ट क्रॉफ्टवर झालेल्या प्रयोगांतून १९६८च्या सुमारास झाला. दाब वाढताच हातापायांतील रक्त छातीकडे सरकते आणि हवेची रिकामी झालेली जागा भरून काढते.

मर्यादारेषा अशी पुसली गेल्यावर उद्दिष्ट कशावर बेतायचे? फ्रेंच पाणबुड्या जाक मायोल याची कहाणी येथे महत्त्वाची ठरते. १९२७ साली शांघायमध्ये जन्मलेला हा मनुष्य मायामीच्या मत्स्यालयात एका डॉल्फिनच्या सहवासात पाण्याखाली स्थिर राहायला शिकला. पुढे त्याने योगाभ्यास आणि कुंभक आत्मसात केले. (मराठी वाचकाला ‘शेवटी योगच जिंकला’ असे म्हणण्याचा मोह होईल; तो आवरलेला बरा. खाली नेणारी वजनदार घसरगाडी, वर आणणारा हवेचा फुगा आणि सोबतीला वैद्यकीय पथक, हेही या बुड्यांचे भागच होते.) १९७०मध्ये जागतिक पाणबुडी महासंघाने धोका ओळखून असे विक्रम नोंदवणे बंद केले. मायोलने आपल्या बुड्यांना ‘प्रयोग’ म्हटले, आणि २३ नोव्हेंबर १९७६ रोजी एल्बा बेटाजवळ, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, त्याने १०० मीटर गाठले.

प्रयोग हे नाव निव्वळ पळवाट होती, असे आम्हांला वाटत नाही. मोजमापे खरोखरच घेतली गेली. पण शरीरशास्त्राला ९७ मीटरनेही जवळपास तेवढेच सांगितले असते. शंभर हा आकडा रक्ताला ठाऊक नसतो, तो मोजणाऱ्या माणसाचा असतो. महत्त्वाकांक्षा नेमकी तेथे उघडी पडते.

मायोर्काची गोष्ट याहून बोलकी आहे. १९७४ साली सोरेंतोच्या समुद्रात, दूरचित्रवाणीवर थेट प्रक्षेपण चालू असताना, तो खाली उतरता उतरता वाटेतल्या एका पाणबुड्यावर आदळला आणि वर येताच त्याने दिलेल्या शिव्या साऱ्या इटलीने ऐकल्या. त्यानंतर तो बरीच वर्षे दूर राहिला. १९८३मध्ये मायोल १०५ मीटरपर्यंत पोहोचला होता. असे असूनही १९८८ साली मायोर्का पुन्हा पाण्यात उतरला आणि १०१ मीटर जाऊन थांबला. प्रतिस्पर्ध्याला मागे टाकणे एवढाच हेतू असता, तर या बुडीला अर्थच उरत नाही.

त्याच वर्षी ल्यूक बेसाँचा ‘द बिग ब्लू’ आला. त्यात एन्झो नावाचा उर्मट इटालियन पाणबुड्या मायोलशी ईर्ष्येने झुंजत मरतो. मायोर्काने या चित्रणाला हरकत घेतली. इटलीत तो चित्रपट २००२मध्ये झळकला, तेव्हा मायोलने एल्बा बेटावर स्वतःचे जीवन संपवून काही महिनेच झाले होते. मायोर्का मात्र २०१६पर्यंत जगला.