फोन का लागला नाही, हे विचारायचा हक्क

आपला हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला १ मे १९९९ ला. त्याच्या दोनच महिने आधी, मार्च १९९९ मध्ये, इंटरनेटवरून फोन जोडायची नियमावली प्रसिद्ध झाली. नाव ‘सिप’. कोलंबिया विद्यापीठाचे हेनिंग शुल्झरिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती लिहिली. जून २००२ मध्ये सुधारित आवृत्ती आली. आज सेनगाव, कळमनुरी, वसमत कुठूनही तुम्ही व्होल्टे कॉल लावता, तो याच नियमांवर चालतो.

याचं आपल्याला काय, असं म्हणाल. सांगतो.

ट्रंक कॉलच्या काळात मधे ऑपरेटर नावाचा माणूस असायचा. तो खेकसायचा, पण कारण सांगायचा. ‘पार्टी उचलत नाही’, ‘लाइन बिझी आहे’, ‘तिकडची लाइनच बंद पडलीय’. तिन्हीचा अर्थ वेगळा, आणि पुढं काय करायचं तेही वेगळं.

१९६० मध्ये कानपूर-लखनौ दरम्यान देशात एसटीडी सुरू झाली. मग हळूहळू ऑपरेटर गेला. कारण सांगायचं काम टोनकडे आणि यंत्रांच्या आपसातल्या आकड्यांकडे आलं. जुन्या डिजिटल एक्स्चेंजच्या भाषेत १७ म्हणजे समोरचा बिझी, ३४ म्हणजे मधे मोकळी लाइनच नाही.

सिपनं हे आकडे तीन अंकी केले, वेबसाइटच्या धर्तीवर. वेबवरचा ४०४ सगळ्यांना माहीत आहे, तो इथंही आहे: असा नंबरच नाही. पहिला अंक बघितला की अर्धं कळतं. १ म्हणजे काम चालू आहे (१८० म्हणजे तिकडं रिंग वाजतेय). २ म्हणजे जमलं, २०० आला की समोरच्यानं उचलला. ३ म्हणजे दुसरीकडं विचारा. ४ म्हणजे ही विनंती इथं पुरी होत नाही: ४०८ वेळेत उत्तर नाही, ४८६ समोरचा बिझी. ५ म्हणजे यंत्रणेचा दोष: ५०३ म्हणजे सेवाच सध्या उपलब्ध नाही. ६ म्हणजे कुठंच लागणार नाही: ६०३ म्हणजे समोरच्यानं सरळ नाकारला.

आता खरा मुद्दा ४८०. ‘तात्पुरता उपलब्ध नाही’. फोन बंद असो, बॅटरी संपलेली असो की गावातला टॉवर झोपलेला असो, बहुधा हाच आकडा परत येतो. आणि आपल्या कानावर येते ती रेकॉर्ड केलेली बाई: ‘संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे.’ म्हणजे दोष कुणाचा? घरात बसलेल्या माणसाचा!

मागच्या पावसाळ्यात आमच्याकडं दोन दिवस टॉवर बंद होता. पुण्यात कामाला असलेल्या एका पोरानं आईला दिवसभर फोन लावला, दर वेळी तीच बाई. शेवटी घाबरून रात्रीच्या एसटीत बसला. सकाळी येऊन बघतो तर आई अंगणात भांडी घासतेय. पोराची दोन दिवसांची मजुरी बुडाली. मी कंपनीला फोन केला, तर उत्तर मिळालं, ‘हँडसेट बदलून बघा.’

गंमत बघा, २००२ च्या नियमावलीतच ४८० बद्दल लिहिलंय की समोरचा का उपलब्ध नाही याचं नेमकं कारण सोबत द्यावं, आणि पुन्हा कधी फोन करावा तेही हवं तर सांगता येतं. कारण देण्याची सक्ती नाही, पण शिफारस स्पष्ट आहे. आणि टॉवर बंद पडला की कंपनीच्या कंट्रोल रूमला ते लगेच दिसतं. म्हणजे जागा आहे, माहितीही आहे. ती आपल्या कानापर्यंत येत नाही, एवढंच.

ट्राय कॉल ड्रॉप मोजते, पण त्यात जुळलेला कॉल मधेच तुटला तरच धरतात. आईला न लागलेला फोन त्यात येत नाही.

मागणी साधी आहे. टॉवर बंद असेल तर ‘या भागातलं नेटवर्क बंद आहे’ असं मराठीत स्पष्ट सांगा. रात्री-बेरात्री पेशंट घेऊन निघालेल्या माणसाला पुन्हा लावायचं की दुसऱ्या सिमवरून लावायचं, एवढं कळलं तरी पुष्कळ झालं.

तुमच्या गावात असं झालं असेल तर तारीख, वेळ आणि गाव खाली लिहा. सगळं एकत्र करून निवेदन देऊ.