फोटोच्या पोटातली तारीख

भोर तालुक्यातल्या कारी गावच्या जेधे घराण्याकडे जुन्या नोंदींची शकावली होती. लोकमान्य टिळकांनी ती १९१६ साली प्रसिद्ध केली. तीत शिवजन्माची तिथी शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, अशी होती. रूढ समजूत १६२७ची. पुढे कवींद्र परमानंदाच्या 'शिवभारता'तही तीच तिथी मिळाली आणि नोंदीला बळ आले. नोंदीला दुसरी साक्ष हवी, हा धडा मला परवा एका साध्या फोटोने पुन्हा दिला.

वेल्ह्याकडच्या राजगडावर, संजीवनी माचीवर काढलेला आमचा फोटो. त्यातला एक मित्र आता हयात नाही. त्याच्या मुलीला फोटोखाली तारीख लिहायची होती. मोबाइलवर फिरलेल्या प्रतीत ती नव्हती. पाठवापाठवीत अशी माहिती बहुधा गळून जाते. संगणक २०११ साल दाखवत होता, पण ते फाइल उतरवून घेतल्याचे! अखेर माझ्या कपाटात मूळ सीडी सापडली.

डिजिटल कॅमेरा फोटोबरोबर फाइलच्या पोटात एक टिपण ठेवतो. त्याला 'एक्झिफ' म्हणतात. जपानमध्ये १९९५ साली त्याचा नमुना ठरला. आमच्या टिपणात होते : १/२५० सेकंद, एफ ५.६, फ्लॅश उडालेला. सूर्याकडे पाठ असूनही चेहरे उजळ कसे, हे त्यावरून उलगडले. वेळ मात्र होती १५ मे २००६, सकाळी ६.४०.

इथे मी अडखळलो. आमच्या मागे तोरणा दिसतो आणि सूर्य त्याच्याच माथ्यावर टेकला आहे. तोरणा राजगडाच्या पश्चिमेला. म्हणजे ही संध्याकाळ! कॅमेऱ्याच्या घड्याळात सकाळ-संध्याकाळची अदलाबदल झाली होती. घड्याळ बारा तास पुढे असेल तर तारीख १४, मागे असेल तर १५. टिपण यापुढे काही सांगेना.

मुलीने वडिलांची खिशातली डायरी काढली. रविवारच्या पानावर त्याच्या अक्षरात दोनच शब्द होते, 'राजगड, मुक्काम.' तो रविवार १४ मेचा.

कॅमेरा खोटे बोलत नाही. पण त्याचे घड्याळ माणसाने लावलेले असते. मुलीने फोटोखाली १४ मे २००६ लिहिले. मूळ फाइल मात्र आम्ही तशीच ठेवली, चुकीच्या वेळेसकट. जुना कागद कुणी खोडून दुरुस्त करीत नाही.